वारसा सीएसएमटीला सुरू होतो आणि चर्चगेटला संपतो का?

गिरणगावकरीण
परवा एका गृहस्थांनी लिहिलेलं वाचलं, ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. जागतिक वारसा सप्ताहातल्या शनिवार-रविवारी ते फोर्टात तीन हेरिटेज वॉक फिरले आणि त्यांनी निष्कर्ष काढला, "मराठी माणूस मॉलमध्ये होता, त्याला वारशाचं काही पडलेलं नाही."

अहो, तिन्ही वॉक इंग्रजीत होते, तिन्ही ओव्हल मैदानाच्या आसपास. एकाची फी माणशी सातशे. नवरा-बायको आणि दोन पोरं म्हणजे अठ्ठावीसशे रुपये. लालबागमधलं कुठलं घर रविवारच्या सकाळी तेवढे मोजेल?

माझी आजी परळची. ती मला लहानपणी हात धरून बारादेवीच्या देवळात न्यायची. तिथला शिव माणसाच्या दुप्पट उंच. त्याच्या अंगातून वर आणि दोन्ही बाजूंना आणखी शिव निघतात, एकूण सात, आणि पायाशी वाद्यं वाजवणारे गण. दीड हजार वर्षांच्या आसपासचं शिल्प, १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना सापडलेलं. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे, लोक तिकीट काढून ती बघतात. मूळ मूर्ती परळला, पूजेत. मी पाहिलेल्या वॉकच्या एकाही यादीत परळ नव्हतं. आजी त्याला कधी वारसा म्हणाली नाही, देव म्हणायची. म्हणून काय तिला त्याची कदर नव्हती?

पायपीट
ताई, तुमचा राग समजतो, पण अर्धीच बाजू मांडलीत. मी अकरा वर्षं रविवारी लोकांना मुंबई दाखवतो. मराठीतून वॉक ठेवला होता, लालबाग ते काळाचौकी, फुकट. एकवीस जणांनी नावं दिली. चिंचपोकळी स्टेशनबाहेर उन्हात पाऊण तास थांबलो, आले चार. इंग्रजी वॉकला नाव देणारे येतात, कारण पैसे भरलेले असतात. हे मला आवडतं असं नाही, पण असं आहे.

आणि फोर्ट म्हणजे साहेबाचं, आपलं नव्हे, हा सूर मला अजिबात मान्य नाही. सीएसएमटीचा आराखडा इंग्रज वास्तुकार स्टीव्हन्सचा, पण साहाय्यक अभियंता सीताराम खंडेराव, आणि दगडातली पानं, माकडं, मोर यांचं काम जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं. राजाबाई टॉवरचा दगड कुर्ल्याचा, पैसा व्यापारी प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचे नातू-पणतू याच शहरात आहेत. ते सोडून द्यायचं?

गिरणगावकरीण
सोडा असं मी कुठं म्हटलं? सीताराम खंडेरावांचं नाव तुम्ही आत्ता इथं घेतलंत. मी दोन वर्षांपूर्वी त्याच स्टेशनाच्या वॉकला गेले होते. दोन तासांत स्टीव्हन्सचं नाव निदान दहा वेळा ऐकलं, खंडेरावांचं एकदाही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि चारच आले म्हणता, तर चाळीच्या फळ्यावर लिहिलं होतं का? मंडळाच्या पोरांना सांगितलं होतं का? इन्स्टाग्रामवर टाकून लालबाग येत नाही.

पायपीट
फळ्यावर नव्हतं लिहिलं. ही चूक माझी.

उरणकर
सगळे फोर्ट-परळ करताय, घारापुरीचं, आमच्या लेण्यांच्या बेटाचं, कोणी नावही घेत नाही. आणि घेतात तेव्हा 'एलिफंटा' म्हणतात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ते नाव दिलं, तो हत्ती बेटावर राहिलेलाच नाही. इंग्रज उचलून विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला. तुकडे जोडून आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा केलाय. हत्ती भायखळ्याला, नाव आमच्या गळ्यात.

पुढचं ऐका. लेणी १९८७ साली जागतिक वारसा झाली. बेटावर कायमची वीज आली २०१८ साली. एकतीस वर्षं जगभरचे लोक दिवसा लेणी बघून शेवटच्या बोटीनं परत जायचे आणि गावात संध्याकाळी जनरेटरवर तीन-चार तास दिवे. माझ्या मावशीनं त्या उजेडात पोरांचे अभ्यास घेतलेत. वारसा दगडाचा असतो की तिथं राहणाऱ्या माणसांचाही, हे कोणीतरी एकदा ठरवा.

तिसरा_मजला
उरणकर बोलले म्हणून लिहितो, नाहीतर गप्पच बसलो होतो.

मी गिरगावात चाळीत राहतो. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, आणि हेरिटेजच्या यादीतही. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी पंचवीसेक माणसं जिना चढून वर आली. न विचारता. आई गॅलरीत भांडी घासत होती. एकानं तिचा फोटो काढला, "किती ऑथेंटिक" म्हणाला. तिनं ओल्या हातानं पदर सावरला आणि आत गेली. त्या गॅलरीला चार वर्षं टेकू लागलेत. नंतर तो फोटो आम्हाला बघायला मिळाला. टेकू कापून टाकले होते.

तुम्हाला जपायचंय ना, मग आधी आमच्या पाण्याच्या पिंपाशी पहाटे चार वाजता उभे राहा.

वास्तुरेखा
फोटोचं वाचून वाईट वाटलं, ते चुकीचंच. पण म्हणून "पाडा आणि टॉवर बांधा" इथं उडी मारू नये. मी दुरुस्तीचंच काम करते. त्या चाळींतल्या प्रतीचं बर्मा सागवान आज सहज मिळत नाही. कुजतं ते बहुतेक वेळा मोरी-संडासाच्या बाजूचं, कारण पाइप गळतात. नळकाम वेळेवर झालं तर उरलेला सांगाडा दणकट असतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची काय अवस्था होती! २००३ ते २००८ नेटानं काम झालं आणि उभं राहिलंच ना?

तिसरा_मजला
मॅडम, संग्रहालयात रात्री कोणी झोपत नाही. छताचा तुकडा पडला तर तिथं काचेच्या कपाटावर पडेल, आमच्याकडे पाळण्यावर पडतो.

आणि पाइप कोण बदलणार? भाडं १९४० च्या पातळीवर गोठलेलं. आम्ही महिन्याला दोनशे दहा रुपये भरतो. मालक म्हणतो, यात नळाची तोटीही येत नाही, आणि मनातून मी त्याला खोटं म्हणू शकत नाही. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज केला की टेकू येतात. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते आणि आम्ही आपलं नाव शोधतो. काका शेजारच्या चाळीत होते. इमारत रिकामी केली, संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरात, गेले. एकोणीस वर्षं. तिथंच वारले. किल्ली मिळाली नाही. मला टॉवर हवाय, आणि तो हवा म्हणायला लाजायचं मला कारण नाही.

गिरणगावकरीण
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण टॉवरचं आमच्याकडून ऐका. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. गिरण्या गेल्या, जागेवर टॉवर आले. आमच्यातल्या किती जणांना तिथं घर मिळालं? माझे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे, होते. आज त्यांच्या खात्याच्या जागी पार्किंग आहे आणि वॉचमन मला आत सोडत नाही.

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, १९०१ साली लोकमान्य तिथं येऊन गेले. तो वारसा लाकडाचा नाही, मधल्या अंगणाचा आहे. अंगण गेलं की उत्सव कुठं न्यायचा, टॉवरच्या गाड्या लावायच्या चौथ्या मजल्यावर?

तिसरा_मजला
अंगण मलाही हवंय! माझी मुंज अशाच अंगणात झाली. पण अंगणासाठी आईनं रात्री गॅलरीच्या टोकाला काठी टेकत संडासला जायचं का? ती ७८ वर्षांची आहे. तुम्ही आता कुठं राहता ते सांगा आधी.

गिरणगावकरीण
डोंबिवलीला. लिफ्ट आहे.

विचारलंत ते बरोबर केलंत. माझ्याकडे उत्तर नाही.

वास्तुरेखा
दोनशे दहा रुपये भाड्यात दुरुस्ती होणार नाही, हे मान्य करावं लागेल. संग्रहालयाचं उदाहरण इथं लागू पडत नाही, मागे घेते. पण सागवानाचं मागे घेत नाही. यादीत नाव घालणाऱ्यानं दुरुस्तीचा पैसाही घातला पाहिजे, नाहीतर यादी म्हणजे भाडेकरूला शिक्षा.

तिसरा_मजला
हे वाक्य कोणीतरी दहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

पायपीट
मी एवढंच करू शकतो. पुढच्या महिन्यात परळ-लालबाग, मराठीतून, फी नाही. बारादेवीपासून सुरुवात. वाटेत मैलाचा जुना दगड लागतो, फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजलेला, रोमन आकड्यांचा. लोक रोज त्याला टेकून बसची वाट बघतात. तोही दाखवीन. कुठल्याही जिन्यावर चढायचं नाही. फळ्यावर लिहायला ताईंनी यावं.

गिरणगावकरीण
येते. पण साचेखात्याबद्दल तुम्ही नाही बोलायचं. आमच्याकडचे दोघे साचेवाले अजून आहेत, ते बोलतील.

लेण्याशेजारी
सगळा धागा वाचला. जोगेश्वरीचं कोणी बोललं नाही. आमची तिसरी पिढी लेण्यापासून साठ पावलांवर राहते. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यामुळे घर पडायला आलं तरी साधा पत्रा बदलताना धास्ती. आणि लेण्याच्या आत पावसाळ्यात खांबांवरून पाणी ओघळतं, कोरलेले चेहरे झिजून नुसते गोटे राहिलेत. म्हणजे आमचं घरही वाचत नाही आणि लेणंही वाचत नाही. लालबागचं झाल्यावर आमच्याकडे याल का? फळा आमच्याकडेही आहे.