मदत हवी आहे: नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) जिंजर बिअरच्या बाटल्या फुटतायत

नमस्कार राजेहो,
मी नागपूरचा, चार वर्षं नोकरीसाठी इंग्लंडमधल्या लीड्सला होतो, तिथं घरी बिअर करायचा नाद लागला. तिकडे स्वतःपुरती केली तर चालते, फक्त विकायची नाही. पहिली बॅच अख्खी ओतून द्यावी लागली होती, माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) उकळलेलं पाणी नीट गार न करताच ३० डिग्रीला यीस्ट टाकलं आणि बिअरला नेलपेंट रिमूव्हरचा वास! एल या बिअरच्या यीस्टला १८ ते २० डिग्री लागतं आणि पहिल्या तीन दिवसांतच चव ठरते हे तेव्हा कळलं. दुसऱ्या बॅचला औषधासारखी चव आली, ती नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे. मग पाणी, तापमान, भांडी धुणं सगळं वहीत लिहायला लागलो, आणि शेवटी बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर जमली, तिच्यात संत्र्याची साल आणि धने घालतात, पहिला घोट घेतला आणि थेट घर आठवलं.

आता परत आलोय. इथं १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, म्हणून जिंजर बिअरकडे, म्हणजे आलं-साखर आंबवून केलेल्या फसफसत्या पेयाकडे वळलो. आल्याचं विरजण म्हणा ना, न सोललेलं आलं किसून रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर पाण्यात घालत जायची, आलं-सालीवरचंच यीस्ट जागं होतं. लीड्सला याला आठवडा लागायचा, इथं मे महिन्यात तिसऱ्याच दिवशी फसफसायला लागलं.

प्रमाण असं: ४ लिटर पाणी (आदल्या रात्री उकळून ठेवलेलं), ३२० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम कॉटन मार्केटचं आलं, हिवाळ्यात वाळवून ठेवलेली संत्र्याची साल, थोडे धने, चार लिंबं आणि अर्धा कप विरजण. काचेच्या बाटल्यांत भरून दोन दिवस कोठीत ठेवलं. मंगळवारी रात्री तीन बाटल्या फुटल्या, काचा आईच्या पापडाच्या डब्यापर्यंत उडाल्या. घरात लहान पोरं आहेत, त्यामुळं खरंच भीती वाटतेय. बिअर करताना एकही बाटली फुटली नव्हती, मग आताच काहून? आणि ४४ डिग्रीत हे ठेवायचं कुठं?

प्रतिसाद:
दादा, उरलेल्या बाटल्या आधी फ्रीजमध्ये टाका, जाड टॉवेलात गुंडाळूनच उचला, तोंड जवळ नेऊ नका. कारण तुमच्या प्रमाणातच आहे. बिअर बाटलीत भरता तेव्हा यीस्टनं खायची साखर जवळजवळ संपलेली असते, आपण वरून लिटरला फार तर ६-७ ग्रॅम घालतो, तेवढाच गॅस होतो. इथं लिटरला ८० ग्रॅम साखर बाटलीत जशीच्या तशी बसलीय, यीस्ट थांबणारच नाही, त्याला फक्त थंडी मंद करते. त्यात गरम पाण्यात गॅस कमी विरघळतो, म्हणजे दाब अजून वाढतो.

काच बंद करा, सोड्याची प्लास्टिक बाटली वापरा (बिसलरीसारखी पातळ नको). वर तीन बोटं जागा सोडा, दर चार-पाच तासांनी दाबून बघा, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीज. आणि फ्रीजमध्येसुद्धा आठवडाभर ठेवू नका, तीन-चार दिवसांत संपवा, कारण हीच साखर हळूहळू अल्कोहोल होत जाते. पोरांना देणार असाल तर हे लक्षात असू द्या.

ठेवायला परातीत पाणी घ्या, त्यात बाटल्या उभ्या करा, वरून ओला पंचा, आणि परात कूलरसमोर. हे कोरड्या हवेत चालतं, जुलैत हवा दमट झाली की नाही चालणार.

धागाकर्ता:
खूप आभार! साखरेचा हिशोब डोक्यातच आला नव्हता, बिअरच्या सवयीनं बाटली भरली की काम झालं असंच वाटायचं. काल नवीन बॅच भरली, सोड्याच्या बाटल्यांत. परातीतलं पाणी थर्मामीटरवर २७ दाखवतंय, खोलीत ३८ असताना. सकाळी सहाला भरलेली बाटली रात्री नऊला कडक झाली, फ्रीजमध्ये टाकली. पोरांना नाही देणार, त्यांच्यासाठी लिंबू सरबतच. आता एकच विचारायचंय, संत्र्याची साल विरजणासोबत टाकू की उकळत्या पाण्यात? या वेळी उकळली तर जरा कडसर लागतेय.