मदत हवी आहे : अंबरमधील अंजीर-गांधीलमाशी परागवाहक आहे का, हे कसे ठरवावे?

माझ्याकडील डॉमिनिकन अंबरच्या (झाडाच्या राळेच्या जीवाश्माच्या) एका तुकड्यात जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची मादी अंजीर-गांधीलमाशी (अंजिरात वाढणारी चिमुकली गांधीलमाशी; हिच्या काही जाती अंजिराचे परागण करतात, काही करत नाहीत) आहे. ॲसिटोनचा थेंब टाकूनही पृष्ठभाग चिकट झाला नाही, त्यामुळे हा कोपल (अंबर न बनलेली, तुलनेने नवी राळ) नसावा. अडचण अशी की, छातीच्या ज्या खालच्या बाजूला परागकण भरून नेण्याच्या खाचा असतात, तिथेच दुधट थर आणि हवेचा बुडबुडा आहे; ग्लिसरिनचा थेंब व काचपट्टी ठेवून, प्रकाशाची दिशा बदलूनही तो भाग दिसत नाही. डोके मात्र फार सुरेख टिकले आहे : चपटे, लांबट, आणि जबड्यांमागे आडव्या दातेरी रेघांची पट्टी. अंडी घालण्याची नळी बाहेर जेमतेम डोकावते. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या, आधी मुंगी समजल्या गेलेल्या जीवाश्मात या खाचा दिसल्या होत्या, म्हणून माझा जीव त्यांच्यातच अडकला आहे. अर्थात काही जाती पराग नुसते अंगाला चिकटवूनच नेतात, हे मला ठाऊक आहे. तुकडा कापायचा किंवा अधिक घासायचा नाही, आणि मायक्रो-सीटी स्कॅनची (क्ष-किरणांनी आतली सूक्ष्म त्रिमितीय प्रतिमा घेण्याची) सोय नाही. अशा वेळी केवळ जबड्यांची पट्टी व डोक्याचा आकार यांवरून हिला परागवाहक म्हणता येईल का, की शृंगिकांचे किंवा पुढच्या पायांचे आणखी एखादे लक्षण तपासणे आवश्यक आहे?