व्हिएतनाम, आठ रात्री, आई-बाबा सोबत: तारखा, व्हिसा आणि शाकाहारी जेवण

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, आटोपला की व्हिएतनामला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि आई-बाबा, असे चौघं. बाबा ७१, आई ६६, आईचे गुडघे दुखतात. चौघंही शाकाहारी, आईला अंडंसुद्धा चालत नाही.

डोक्यात आहे ते असं: ३० जानेवारी ते ७ फेब्रुवारी २०२७. हनोई २ रात्री, हालाँग बे बोटीवर १, दा नांग आणि होई आन मिळून २, हो ची मिन्ह सिटी ३. मुंबईहून थेट विमान. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

तारखा बरोबर आहेत का? ई-व्हिसाला एजंट माणशी सहा हजार मागतोय, तो आपला आपण भरता येतो का? आणि आईच्या जेवणाचं काय करावं? सोबत शेंगा चटणी, कडक भाकरी नेणारच आहोत, पण आठ दिवस त्यावर निघणार नाहीत.

सातरस्ता_७

आधी तारखा बदला, बाकी सगळं नंतर.

६ फेब्रुवारी २०२७ ला टेट आहे, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. आपली दिवाळी, पाडवा आणि गावाकडची जत्रा एकाच आठवड्यात आली तर जे होईल ते तिथे होतं. टेटच्या आधीच्या आठवड्यात शहरात कामाला असलेला माणूस गावी निघतो, त्यामुळे देशांतर्गत विमानं, रेल्वे आणि स्लीपर बस भरलेल्या असतात आणि भाडं चढलेलं असतं. तुमचा दा नांग आणि हो ची मिन्हचा टप्पा नेमका त्यात सापडतो. ५ तारखेच्या संध्याकाळपासून पुढचे दोन-तीन दिवस घरगुती खानावळी, बाजार आणि बरीच दुकानं बंद. मोठी हॉटेलं उघडी असतात, पण शाकाहारी माणसाचा खरा आधार असलेली छोटी दुकानं बंद असतात. आईंसोबत हे नको.

त्यापेक्षा रविवार १७ जानेवारीला निघा आणि सोमवारी २५ ला परत या, २६ ची सुट्टी थकवा काढायला मिळेल. गड्ड्याचे मुख्य विधी तोवर झालेले असतात. या तारखांचा आणखी एक फायदा आहे. होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून आकाशकंदील लावतात, नदीत दिवे सोडतात. ती रात्र येते २१ जानेवारीला, आपल्या पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. म्हणून रात्री अशा पाडा:

१७, १८ हनोई. १९ बोट. २०, २१, २२ होई आन. २३, २४ हो ची मिन्ह सिटी.

होई आनला तीन रात्री आणि हो ची मिन्हला दोनच. होई आन सपाट आहे, जुन्या गावात ठरावीक वेळी मोटारगाड्यांना बंदी असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालायला सगळ्यात सुखाचं गाव ते. हो ची मिन्हमध्ये कू ची भुयारं सोडून द्या, तिथे वाकून-रांगून जायचं असतं.

बोटीवरून उतरल्यावर पुन्हा हनोई शहरात शिरू नका. बोट सकाळी साडेदहा-अकराला किनाऱ्याला लावतात, तिथून नोई बाई विमानतळ अडीच-तीन तास. दा नांगचं विमान संध्याकाळी पाचनंतरचं घ्या. त्याआधीचं घेतलं आणि धुक्याने बोट उशिरा आली तर तिकीट बुडालं. हिवाळ्यात हालाँगला धुकं धरतं आणि बंदर खातं बोटी थांबवतं. बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे बुकिंगच्या आधी लेखी मागून घ्या.

बोटवाले तीतोप बेटावर नेतील, वर जायला चारशेच्या वर पायऱ्या. आईंनी खाली वाळूत बसावं. सुंग सोत गुहेतही चढ-उतार भरपूर आहे, तिथे आत शिरल्यावर मधूनच मागे फिरणं अवघड, म्हणून बोटीवरच थांबलेलं बरं.

भवानी_पेठ

व्हिसा स्वतःच भरा. एका वेळच्या प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलर, अनेक वेळच्या प्रवेशाचा ५०. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. तुम्हाला २५ चा पुरे.

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता गव्ह डॉट व्हीएन वर संपतो. शोधायला गेलात की वरच्या चार-पाच ओळी हुबेहूब दिसणाऱ्या खासगी दुकानांच्या असतात, ते दुप्पट-तिप्पट घेतात आणि शेवटी अर्ज त्याच सरकारी जागी भरतात.

लागतं काय? पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं स्वच्छ चित्र (खालच्या दोन < < < वाल्या ओळी पूर्ण दिसल्या पाहिजेत, फ्लॅशची चकाकी नको) आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा चष्मा न घातलेला फोटो. पासपोर्ट प्रवेशाच्या तारखेपासून निदान सहा महिने चालणारा हवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून मगच बसा, नाहीतर शेवटच्या पायरीवर पैसे अडकतात. अर्ज झाला की नोंदणी क्रमांक येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, व्हिसा त्याच क्रमांकावर उतरवायचा असतो.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण चूक झाली की दुरुस्ती नाही, नवा अर्ज आणि नवे २५ डॉलर.

तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच लिहा. प्रवेशाची तारीख विमान *उतरण्याची*. मुंबईहून रात्री निघालात तर ती दुसऱ्या दिवसाची असते, पण मी तरी एक दिवस आधीची टाका म्हणेन. व्हिसा त्या तारखेपासून सुरू होतो, त्याआधी पाऊल ठेवता येत नाही, नंतर चालतं.

नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं अशी दोन्ही नावं असतात. अर्जातही दोन्ही हवीत, विमानाच्या तिकिटावरही. मधलं नाव गाळलं की काउंटरवर वाद.

कागदी कामाला तीन कामाचे दिवस म्हणतात, प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि शनिवार-रविवार धरत नाहीत. १७ जानेवारीला जायचं तर डिसेंबरच्या मध्यावर भरा. माणशी दोन छापील प्रती घ्या. मुंबईला विमान कंपनीच्या काउंटरवर एक दाखवावी लागते, तिकडे उतरल्यावर दुसरी.

जुळे_सोलापूर

दोघांचे आभार. १७ ते २५ पक्कं करतो. एक घोळ आत्ता लक्षात आला: आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, तिन्ही नावं एकाच ओळीत आहेत. चालेल का?

भवानी_पेठ

नको. दुरुस्त करूनच घ्या. आडनाव रिकामं असलं की अर्जात एक रकाना अडतो, विमानाचं तिकीट काढतानाही अडतो, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळं नाव छापून येतं. पासपोर्ट ‘री-इश्यू’ करायचा, कारण म्हणून तपशिलात बदल, आडनाव वेगळं पाडायचं. ३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी १५०० रुपये. सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात अपॉइंटमेंट मिळते, पुण्याला जायची गरज नाही. पोलीस पडताळणी पुन्हा लागली तर वेळ जाईल, म्हणून हे या महिन्यातच करा. आणि नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकीटही काढू नका आणि व्हिसाही भरू नका, कारण पासपोर्टचा क्रमांक बदलतो.

कन्ना_चौक

जेवणाचं मी लिहिते, कारण इथेच लोकांचे हाल होतात आणि ते टाळता येतात.

एकच शब्द पाठ करा: चाय. व्हिएतनामीत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. पाटीवर ‘कॉम चाय’ दिसलं की ती पूर्ण शाकाहारी खानावळ. या खानावळी बौद्ध परंपरेतल्या, त्यामुळे मासळी सोडाच, जुन्या पद्धतीच्या ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी साधी माणसंही चाय जेवतात. २२ जानेवारीला तुम्ही होई आनमध्ये असाल, तो पंधरावा दिवस, त्या दिवशी फिरत्या गाड्यांवरही शाकाहारी सापडेल.

एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा: तिथे सोया आणि गव्हाच्या चिकापासून हुबेहूब कोंबडी, कोळंबी, मासा दिसणारे पदार्थ करतात. ताट समोर आलं की धक्का बसतो. पाटीवर चाय असेल तर ते खरोखर सोयाच असतं.

चाय पाटी नसलेल्या ठिकाणी गाफील राहू नका. तिथे ‘मांस नको’ सांगितलं तरी मासळीचा रस्सा ‘नुओक माम’ पडतोच. त्यांच्या दृष्टीने ते आपल्या मिठासारखं आहे, कोणी फसवत नसतं. म्हणून वेगळं सांगा: ‘खोंग नुओक माम’. फो म्हणजे रश्श्यातल्या शेवया, त्याचा रस्सा हाडांचाच असतो, वरचं मांस काढून दिलेला फो शाकाहारी होत नाही. पालेभाजी ‘राऊ मुओंग’ लसूण घालून परततात, पण तीतही ऑयस्टर सॉस पडू शकतो. अंडं म्हणजे ‘च्रुंग’, तेही ‘खोंग च्रुंग’ म्हणून सांगा. उच्चार जमला नाही तर फोनवर व्हिएतनामीत लिहून दाखवा, तेच सगळ्यात खात्रीचं.

साधा भात, टोफू आणि टोमॅटो, ‘बान मी चाय’ म्हणजे पावात भाज्या, फळं, नारळपाणी. आणि प्रत्येक शहरात भारतीय हॉटेलं आहेत, पण रोज तीच धराल तर बिल चारपट होईल.

बोटीवर मात्र आधी लेखी कळवा: चार माणसं, मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, मासळीचा रस्सा नाही. चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. समुद्रात गेल्यावर आचाऱ्याकडे दुसरं सामान नसतं.

घरून नेण्याचं: कडक भाकरी उत्तम, आठ दिवस काही होत नाही, पण डब्यात घाला, पिशवीत चुरा होतो. शेंगा चटणी मोठ्या बॅगेत. तेलातलं लोणचं हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडवतात. खोबऱ्याच्या वाट्या अजिबात नेऊ नका, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात धरतात. ताजी फळंही नको. पॉवर बँक उलट, हातातल्या बॅगेतच. स्वस्त विमानात हातातलं सामान ७ किलो धरतात आणि काउंटरवर वजन करतात, घरीच काट्यावर टाकून पाहा.

पाणी बाटलीचंच. बर्फ मध्ये भोक असलेला नळकांड्यासारखा असेल तर तो कारखान्यातला, चालतो. फोडलेला खडा बर्फ नको.

सातरस्ता_७

पैशाचं राहिलं. १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या. सुट्ट्या छोट्या नोटांना दर कमी मिळतो, घडीवर फाटलेली किंवा शाई लागलेली नोट घेतच नाहीत. हिशेबाला सोपी युक्ती: शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा. १ लाख डोंग म्हणजे ३५० रुपयांच्या आसपास.

२० हजार आणि ५ लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत. अंधारात टॅक्सीवाल्याला २० हजारांऐवजी ५ लाख दिले की सोळाशे रुपये गेले. पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. नोटा प्लास्टिकच्या आहेत, दमट हवेत एकमेकींना चिकटतात, मोजताना बोटाने सरकवून पाहा.

टॅक्सी बोलावायचं ग्रॅब ॲप सोलापुरातच टाकून नोंदणी पूर्ण करा, ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिकडे रेंजचा खेळ होतो. पैसे रोख देता येतात. जुलै २०२५ पासून तिथे जिल्हा हा स्तरच काढून टाकलाय, प्रांतही ६३ चे ३४ झाले, त्यामुळे हॉटेलचा पत्ता कागदावर एक आणि नकाशात दुसरा दिसेल. नावाने शोधा.

कपडे: सोलापूरच्या हिशेबाने जाऊ नका. हनोईत जानेवारीत पारा १५ ते २० च्या मध्ये, पण हवा ओली, वर झिमझिम पाऊस, ऊन दिसत नाही. ती थंडी हाडात शिरते. आई-बाबांना आतून घालायचे गरम कपडे आणि पाऊस थोपवणारं जॅकेट. हो ची मिन्हला त्याच आठवड्यात ३२ अंश आणि घाम.

होटगी_रोड

थोडी भर. बाबांना देवळाची आवड असेल तर होई आनहून साधारण ४० किलोमीटरवर मी सोन आहे, ते चुकवू नका. चंपा राज्याची शिवमंदिरं. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनने इथे भद्रेश्वराचं लिंग स्थापलं, पुढे हजार वर्षं विटांची देवळं उठत राहिली. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत बरीच पडली. १९९९ ला युनेस्कोच्या यादीत आलं. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काही गटांची डागडुजी केली, आणि मे २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. ज्या सोलापूरला अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा ठाऊक आहे, त्या गावच्या माणसाने एवढ्या जवळ जाऊन परत येऊ नये. सकाळी लवकर निघा, गाडी दिवसभराची ठरवा. दारापासून विजेची गाडी आत सोडते, पुढचं चालणं बेताचं, पण वाट उंचसखल आहे, आईंना काठी द्या.

दा नांगजवळच्या बा ना हिल्स डोंगरावरचा, मोठ्या हातांवर पेललेला सोनेरी पूल मात्र जानेवारीत जुगार आहे. तिकीट माणशी ९ ते १० लाख डोंगच्या घरात, आणि वर ढग बसले तर पूलच दिसत नाही. तिकीट आधी काढू नका, त्या दिवशी सकाळी आभाळ पाहून ठरवा.

मुंबईला जाताना वंदे भारत किंवा आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, दोन्हींना दादरला उतरून टॅक्सी करा. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस नसते, तिकीट काढताना पाहा. विमान मध्यरात्रीच्या आसपासचं असेल तर वंदे भारत पुरते. दुपारचं असेल तर सिद्धेश्वरच, आणि तीही उशिरा धावते असं धरून.

जुळे_सोलापूर

मी सोन पक्कं. शेवटचं एक: होई आनमध्ये स्कूटर भाड्याने घेऊ का? आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवतो.

होटगी_रोड

काढू नका, उपयोग नाही. आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा मानतं. भाड्याने देणारा काही विचारणार नाही, गाडी हातात देईल. पण अपघात झाला की तुम्ही विनापरवाना चालक ठरता आणि प्रवास विमा हात वर करतो. वाहतूकही उजवीकडून आहे. होई आनमध्ये बहुतेक हॉटेलं सायकल फुकट देतात, आई-बाबांसाठी सायकलरिक्षा, भाडं बसण्याआधी ठरवून.

रस्ता ओलांडताना एकच लक्षात ठेवा: एका चालीने, हळू, सरळ चालत राहा. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. मध्येच थबकलात किंवा मागे पाऊल घेतलंत की त्यांचा अंदाज चुकतो. आईंचा हात गाडी येते त्या बाजूने तुम्ही धरा. रुग्णवाहिकेचा नंबर ११५, पोलीस ११३, चौघांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.