इटालियनमध्ये घोडा फिरवून आणते, पण हल्ला काही होत नाही

पटावरची_आई:
मुलाला बुद्धिबळाच्या क्लासला सोडता सोडता मीच खेळायला लागले. पांढऱ्याकडून शांत इटालियन (सी४ वर उंट आणून करायची सुरुवात) खेळते. परवाचा डाव देते:

१ ई४ ई५ २ घोडा एफ३ घोडा सी६ ३ उंट सी४ उंट सी५ ४ सी३ घोडा एफ६ ५ डी३ डी६ ६ दोघांचं कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या आतल्या बाजूला) ७ हत्ती ई१ ए६ ८ उंट बी३ उंट ए७ ९ एच३ एच६ १० घोडा बी-डी२ हत्ती ई८ ११ घोडा एफ१ उंट ई६

आता एफ५ वर घोडा बसवायचा म्हणून १२ घोडा एच४ खेळले. त्याने घोड्याने ई४ चं प्यादंच खाल्लं! मी डी३ ने परत मारलं, तर वजिराने एच४ चा घोडा उचलला. समोर सातवीतला मुलगा, तोंडात चिक्की. मी कुठे चुकले?

अडीच_घरं:
एच४ वरच. काळ्याचा वजीर डी८ वर आणि मध्ये फक्त एफ६ चा घोडा. तो ई४ मारत हलला की एच४ उघडा. प्यादं तर गेलंच, शिवाय ए७ चा उंट आणि एच४ चा वजीर दोघंही एफ२ वर रोखलेले. इटालियनमध्ये हा सापळा सगळ्यांना एकदा तरी बसतो, मला तर दोनदा बसलाय.

काळ्याचा वजीर डी७ वर गेला की घोडा एच४ चालतं. पण तेव्हा काळा एच३ वर उंटाचा बळी देतोय का, ते आधी बघा.

जुनं_प्यादं:
ताई, तुमचा हल्ला उशिरा होत नाहीये, लवकर होतोय. काळ्याच्या हातात डी५ हा प्याद्याचा धक्का शिल्लक आहे. तो असेपर्यंत बाजूला पळापळ केली की मधूनच वाट फुटते.

मी असतो तर एफ१ चा घोडा जी३ ऐवजी ई३ वर नेला असता. तिथून तो डी५, एफ५ आणि जी४ तिन्हींवर नजर ठेवतो. काळा उंटाने मारेल? मारू दे, त्याचा चांगला उंट गेला. मग घोडा एफ३ वरून एच२, तिथून जी४. तिथे घोड्याला घोडा मारला की एच३ च्या प्याद्याने परत मारायचं, म्हणजे एच पट्टी अर्धी उघडते. पुढे जी३, राजा जी२, हत्ती एच१. घोडा जी३ वर असेल तर हे जमतच नाही, कारण प्याद्याचं घर तोच अडवून बसतो.

आमच्या आजोबांच्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि कॅसलिंगऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. मांडणीतच दुपार जायची, त्यामुळे घाई कशी ती अंगवळणीच पडली नाही. रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावात) मात्र माझी घड्याळावर हार होते, ते सोडा.

अडीच_घरं:
काका, घोडा एच२ खेळल्यावर ई५ वरचा दाब निघून जातो. मग काळा लगेच डी५ खेळला तर?

जुनं_प्यादं:
म्हणूनच आधी ई३. घोडा एफ१ वर असताना एच२ खेळलात तर डी५ येणारच.

पटावरची_आई:
राजा जी२ वर, हत्ती एच१ वर! कॅसलिंग करून परत हत्ती तिकडेच न्यायचा, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. चिक्कीवाल्याशी पुढच्या रविवारी पुन्हा गाठ आहे. ई३ खेळून बघते.