सायकलच्या डिस्क ब्रेकचा रोटर परत परत घासत असेल तर पिस्टन बघा
हायड्रॉलिक ब्रेकचा रोटर (चाकावरची धातूची चकती) पॅडला घासत असेल तर ब्रेकचा लीव्हर दाबून धरून कॅलिपरचे (चकतीला पकडणाऱ्या भागाचे) बोल्ट आवळायचे, हा नेहमी सुचवला जाणारा उपाय बरोबरच आहे, पण कॅलिपरमधले पॅड ढकलणारे दोन्ही पिस्टन सारखे सरकत असतील तरच तो टिकतो. चार दिवसांत रोटर परत घासू लागला, तर बहुतेक वेळा एक पिस्टन जड झालेला असतो. पिस्टनभोवतीचं रबरी सील ब्रेक दाबला की किंचित पिळतं आणि सोडला की पिस्टनला मागे ओढतं. तिथे पॅडची काळी भुकटी आणि पावसाळ्यातला चिखल बसला की ही ओढ कमी पडते.

चाक आणि पॅड काढा. लीव्हर अगदी हळू दाबत पिस्टन एक-दोन मिलिमीटर बाहेर आणा. फार नको, पिस्टन निसटला तर तेल सांडून ब्लीडिंगच (तेल भरून आतली हवा काढणं) करावं लागतं. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडा पुसा, मग मिनरल ऑइलवर चालणारा शिमानो कंपनीचा ब्रेक असेल तर त्याच तेलाचा थेंब फिरवा. चांगला चालणारा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लीव्हरने दाबून ठेवलात की सगळा जोर अडकलेल्यावर जातो. दोघं सारखे येऊ लागले की आत ढकला, तेलाचा अंशही न ठेवता पुसा (पॅडला लागलं तर पॅड वाया), आणि मगच बोल्ट आवळा. डॉट फ्लुइड (वेगळ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) वापरणाऱ्या स्रॅम कंपनीच्या ब्रेकला मात्र मिनरल ऑइल अजिबात लावू नका, सील फुगतात.