लेकरू खातंय-पितंय, मग कुपोषित कसं?

गोदाकाठ
कुपोषण म्हणलं की आपल्याकडं लोकांना मेळघाट आठवतो. मराठवाड्यात काय कुपोषण, घरात ज्वारी आहे, रेशनचं धान्य आहे, असं सर्रास म्हणायलेत. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडचं बरंचसं कुपोषण डोळ्याला दिसतच नाही, तीन वर्षाचं लेकरू दोन वर्षाच्या लेकराएवढं असतं आणि घरचे म्हणतात बापावर गेलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षाखालची ३५ टक्के लेकरं वयाच्या मानानं बुटकी निघाली, आणि जवळपास ६९ टक्के लेकरांच्या अंगात रक्त कमी. उंची खुंटली म्हणजे नुसती उंचीच जात नाही ना, मेंदूची वाढ पण त्याच काळात होत असते, आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत, साधारण हजार दिवस, त्यात जे राहून गेलं ते पुढं काजू-बदाम चारून भरून निघत नाही. मग शाळेत लक्ष लागत नाही, महिन्याला ताप-खोकला, आणि मास्तर म्हणतात पोरगं मठ्ठ आहे. आणि सगळा दोष कुणाच्या माथी? आईच्या. हे बंद झालं पाहिजे.

सोयाबीनवाला
असहमत. माझं गावात किराणा दुकान आहे, मी रोज बघतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी लेकरू पाच रुपयाचं नाणं घेऊन पायरीवर उभं. चहात टोस्ट बुडवून खाल्लेला असतो, वरून चटपटीत पाकीट, दुपारी परत पाकीट, मग त्याला भाकरीची भूक लागंल कशी? घरात शेंगदाणे आहेत, गूळ आहे, तूर आहे. याला गरिबी म्हणू नका, ही सवय आहे आणि ती आईबापानंच लावलेली आहे. सरकारनं घरात येऊन घास भरवायचा का?

गोदाकाठ
दादा पाकिटाचं खरं आहे, पण नाणं देऊन पाठवतं कोण आणि का, ते बघा. आई नऊ वाजता खुरपायला जाते ती दिवस मावळताना येते. दीड वर्षाच्या लेकराचं पोट एवढंसं, ते एका बैठकीत किती खाणार, त्याला दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं भरवावं लागतं. भाकर वरणात कुस्करून, चमचाभर तेल-तूप घालून, मागं मागं फिरून. ते करायला घरात कोण आहे? म्हातारी, नाहीतर सात वर्षाची बहीण.

लातूरकर
मला एक शंका आहे. हे बुटकं-लुकडं ठरवायचं माप बाहेरच्या देशातलं. आपली माणसं मुळातच ठेंगणी, त्यांच्या तक्त्यात बसवलं की आपली धडधाकट लेकरं पण कुपोषित निघणार. उगा आकडे फुगवून काय मिळतं?

अंगणवाडी ताई
लातूरकर दादा, तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ ला काढला, त्यासाठी सहा देशातली लेकरं मोजली आणि त्यात आपल्या दिल्लीची पण होती. नीट खायला मिळालं, आईचं दूध मिळालं, तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची लेकरं जवळपास सारखीच वाढतात असं त्यात दिसलं. आणि आम्ही फक्त उंचीवर जात नाही. दंडाची पट्टी असते, डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची, साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आलं की ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, त्याला साधा जुलाब पण जीवावर बेततो, कारण अंगात झुंजायला काही उरलेलं नसतं. दोन्ही पायावर सूज असली तर पट्टी काही का म्हणंना, लगेच दवाखाना. सूज बघून आजी म्हणते लेकरू गुटगुटीत झालंय, तिथं मला फार भांडावं लागतं.

अजून एक. टँकरचं पाणी, त्यातून हगवण, खाल्लेलं अंगी लागत नाही, मग अशक्तपणा, परत हगवण. नुसतं ताटात बघून हे कळणार नाही.

सोयाबीनवाला
ताई तुमचं काम मान्य. पण योजना इतक्या वर्षांपासून चालू आहेत, अंगणवाडी १९७५ पासून आहे, फरक काय पडला? अंगणवाडीतून घरी नेलेलं पाकीटबंद पीठ कुणी खात नाही, शेळ्यांना घालताना मी बघितलंय.

गोदाकाठ
फरक पडला होता. २००५ ला राज्याचं कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन औरंगाबादेतूनच सुरू झालं, दोन वर्षाखालच्या लेकरांवर जोर दिला, आणि २०१२ च्या राज्याच्या पाहणीत त्या वयाच्या लेकरांतला बुटकेपणा ३९ टक्क्यांवरून २४ च्या आसपास आला होता. म्हणजे होतं, नेट लावला तर होतं. पिठाचं तुमचं बरोबर, म्हणून तर मी म्हणतो अंडं द्या, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, त्यात कुणी भेसळ करू शकत नाही.

लातूरकर
अंडं सगळ्यांच्या घरात चालत नाही. आमच्यात नाही चालत. लेकरात लेकरू बसवून एकाला अंडं एकाला केळं, हे मला बरं वाटत नाही. दूध, शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या की.

अंगणवाडी ताई
ज्याला चालतं त्याला का अडवायचं दादा? बाकीच्यांना लाडू द्या, माझी ना नाही.

बालाघाट_बीड
तुमची सगळी चर्चा गावात राहणाऱ्या लेकरांची चालली आहे. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, थांबता येत नाही. बाई पाच महिन्याची पोटुशी असली तरी कोयत्याला जाते. पहाटे तीन-चारला फडात, लेकरू पाचटावर झोपलेलं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, ना वजन, ना डोस, ना आहार. आणि ती बाई स्वतःच लहान असते हो. २०१९-२१ च्याच पाहणीत बीडला २० ते २४ वयाच्या जवळपास ४४ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं, परभणीत ४८. जिची स्वतःची वाढ पूर्ण झाली नाही तिच्या पोटातलं लेकरू कमी वजनाचंच येणार, त्याला टोस्ट-पाकिटाची सवय लागायच्या आधीच ते मागं पडलंय. सोयाबीनवाले दादा, यात त्या पोरीची कोणती सवय चुकली सांगा.

सोयाबीनवाला
लग्नाचं मान्य आहे, पण ते लावणारे पण आईबापच. मी माझ्या मुद्द्यावर आहे, घरच्यांची जबाबदारी सुटत नाही. तोडीला गेलेल्यांचं मात्र काय करायचं, तिथं अंगणवाडी असते का?

अंगणवाडी ताई
असते, कारखान्याच्या गावात असते. निघायच्या आधी पोषण ट्रॅकरवर, म्हणजे आमच्या मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर, स्थलांतराची नोंद करून घ्यायची, लेकराचं कार्ड सोबत द्यायचं, म्हणजे तिकडची ताई आहार-वजन चालू ठेवू शकते. पण टोळी कोणत्या कारखान्याला चालली ते मुकादमालाच माहीत असतं, आम्हाला कळेपर्यंत गाडी गेलेली असते. ज्यांच्या गावातून टोळ्या जातात त्यांनी मुकादमाला विचारून कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव गावच्या ताईला आधी सांगा, निदान पोटुशा बाया आणि दोन वर्षाखालची लेकरं असलेल्या घरांचं तरी.

बालाघाट_बीड
आमच्या तांड्याचं मी विचारून देतो. तीन मुकादम आहेत, दोघं सांगतील, तिसऱ्याकडं सरपंचाला घेऊन जावं लागंल.