‘पार्टिझान’ला मराठीत काय म्हणावं?

वाटसरू: लिथुएनियात १९४४ ते १९५३ या काळात सोव्हिएत सत्तेविरुद्ध जंगलातून सशस्त्र लढा चालला. त्या लोकांच्या भूमिगत वृत्तपत्रांवर लेख लिहिते आहे आणि ‘पार्टिझान’पाशीच अडले. कोशातला ‘पक्षपाती’ इथे विनोदी वाटतो. ‘गनिमी सैनिक’ चालेल का?

पाटीपेन्सिल: ‘गनिमी’ने लढण्याची पद्धत कळेल, माणूस कळणार नाही. त्यांना कोण काय म्हणत होतं ते आधी बघा. गावकरी म्हणत ‘मिश्किनियाय’ किंवा ‘झालिउकाय’, म्हणजे रानातले, हिरवे. सोव्हिएत कागदांत ते ‘बँडिट’. गंमत अशी, की ‘पार्टिझान’ हा सोव्हिएतांच्या लेखी मानाचा शब्द. जर्मनांशी लढलेल्या लाल तुकड्यांना लावलेला. तो यांना कोण देणार? या रानातल्यांच्या वृत्तपत्रांच्या अंकांनी तो स्वतःच घेतला. बंकरमध्ये टाइपरायटरवर निघणाऱ्या कागदाला ‘आम्ही दरोडेखोर नाही, सैन्य आहोत’ हे सतत सांगावं लागे. म्हणून सैन्यासारखे जिल्हे, तुकड्या, हुद्दे, टोपणनावं. १६ फेब्रुवारी १९४९ रोजी मिनाइचियाय या गावातल्या बंकरातून, पार्टिझानांचे नेते योनास झेमाइतिस यांच्या नेतृत्वाखाली, ‘लिथुएनियन स्वातंत्र्यलढा चळवळी’चा जाहीरनामा निघाला. तारीखही निवडून घेतलेली, १९१८च्या स्वातंत्र्यघोषणेची. या चळवळीच्या नावातच ‘स्वातंत्र्यलढा’ आहे, त्यामुळे १९४९नंतरच्या मजकुरासाठी ‘स्वातंत्र्यसैनिक’ही अगदी बसतो.

वाटसरू: वा! आणि ‘प्रिए रीमान्चो रूपिन्तोयेलियो’ या अंकाचं नाव?

पाटीपेन्सिल: ‘चिंतातुर ख्रिस्तापाशी’. तिकडे वाटेवर लाकडात कोरलेला, गालाला हात लावून बसलेला ख्रिस्त असतो. ‘विजय’, ‘तोफ’ असलं काही न ठेवता हे नाव ठेवलं, यावरून संपादकांना वाचक कोण हवा होता ते दिसतं: शेतकरी, कॅथलिक, दुखावलेला.

अक्षरगाडी: शत्रूच्या शब्दांचं काय? माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. ‘बोल्शेविक’, ‘ओकुपांतास’ म्हणजे कब्जेदार, हे दूरचे. जवळचा शत्रू ‘स्त्रिबास’, म्हणजे पार्टिझानांना हुडकायला सोव्हिएतांनी उभारलेल्या तुकडीतला माणूस. शब्द रशियन ‘इस्त्रेबितेल’वरून, म्हणजे ‘संहारक’वरून आलेला, सरकारी नाव नंतर ‘लोकरक्षक’ झालं. यांत गावातलीच लिथुएनियन पोरं बरीच होती. मराठीत ‘संहारक’ लिहिलंत तर भारदस्तपणा येईल. मूळ शब्दात तुच्छता आहे. ‘स्त्रिबास’ तसाच ठेवा.

पाटीपेन्सिल: मान्य. पण ‘इश्दाविकस’, गद्दार, हा सगळ्यात जड शब्द. खबरी ठरवून मारलेल्यांत निरपराधही होते. त्यात सोव्हिएत हस्तक पार्टिझानांचा वेश घालून गावात शिरत, मग कोण कोणाचा कळणार कसं? एकीकडे १९४६च्या निवडणुकीवर बहिष्काराचं आवाहन, दुसरीकडे हा शिक्का. सामान्य माणूस मधे. लेखात अंकांची भाषा नुसती ‘शूर’ म्हणून रंगवू नका, एवढंच.

वाटसरू: म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी ‘रानातले’, अंकांच्या मजकुरात ‘पार्टिझान’, आणि सोव्हिएत अहवालात ‘दरोडेखोर’. तीन आवाज, तीन शब्द.

अक्षरगाडी: हो. मात्र ‘दरोडेखोर’ अवतरणात टाका, नाहीतर वाचक तुमचंच मत समजेल. बाय द वे, मोगल मराठ्यांना ‘गनीम’, म्हणजे शत्रू, म्हणत आणि आपण ‘गनिमी कावा’ मिरवतो. तुमचा पहिला पर्याय पूर्ण टाकाऊ नाही!